तपासणीच्या एका आकड्याचा जमाखर्च

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रशासकाने या सभेत ताळेबंद वाचावा, खाटांची व शस्त्रक्रियांची संख्या सांगावी आणि खाली बसावे, अशी आपली प्रथा आहे. ताळेबंद आपल्या हाती छापील स्वरूपात आहेच. आज अध्यक्षांच्या अनुमतीने मी एकाच देणगीविषयी बोलणार आहे. ही देणगी ज्या कामासाठी देऊ केली होती, त्या कामासाठी आपण ती स्वीकारली नाही. देणगी नाकारणे हे धर्मादाय संस्थेस शोभणारे नाही, असे आपल्यापैकी काहींनी मला बोलून दाखविले. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि म्हणूनच हा खुलासा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शिरूर तालुक्यातील एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. त्यांचे वडील एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आपल्याच रुग्णालयात निवर्तले. वडिलांच्या स्मरणार्थ येथे ‘सायटोकाइन तपासणी विभाग’ उभारावा आणि त्यासाठी लागणारे यंत्र व किट यांचा खर्च कुटुंबाने करावा, असा त्यांचा मनोदय होता. सोबत त्यांनी त्या वेळची फाईल आणली होती. तीत ‘आयएल-६’ या तपासणीचे सहा अहवाल होते. सहाही नमुने पुण्यास पाठविलेले. ते म्हणाले, “साहेब, आमचे आकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचे. हे यंत्र इथेच असते, तर बाबा वाचले असते. दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये.”

त्या सहाही बिलांवर माझी सही होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रक्तात काय असते यापेक्षा रोजकीर्दीत काय असते हे मला अधिक कळते. सही करताना मी दर पाहिला होता, रक्कम पाहिली होती, बेरीज पडताळली होती. त्या आकड्याने काय साधले, हे मात्र मी कधी विचारले नव्हते. त्या दिवशी मी त्यांच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली आणि आमच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ ताईंसमोर विद्यार्थ्यासारखा जाऊन बसलो.

तेथे जे शिकलो ते माझ्या भाषेत सांगतो. शरीरात जंतू शिरले किंवा इजा झाली की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोपे म्हणजे सायटोकाइन. ताप आणा, सूज आणा, पांढऱ्या पेशी बोलवा, असे त्यांचे सांगणे असते. निरोप नेमका पोहोचला तर रोगी बरा होतो. निरोपांचाच गोंधळ माजला तर दाह स्वतःच्या शरीरावर उलटतो. इंटरल्यूकिन-६, अर्थात बिलावरचे आयएल-६, हा त्यांतील एक प्रमुख निरोप्या. जपानमधील ओसाका येथे डॉ. किशिमोतो आणि डॉ. हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये त्याचे जनुक वेगळे करून दाखविले.

निरोगी माणसाच्या रक्तात हा पदार्थ एका मिलिलिटरमध्ये साधारणपणे सात पिकोग्रॅमहून कमी असतो. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हा आकडा ऐकून माझ्या डोक्यात काही उतरेना. मग मी तो आपल्या भागाच्या मापात बसवून पाहिला. खडकवासला साखळीतील चार धरणे भरली की सुमारे २९ टीएमसी पाणी होते. दौंडकरांना हा आकडा पाठ आहे, कारण त्यावर कालव्याचे आवर्तन ठरते. त्या साऱ्या पाण्यात सुमारे ८०० ग्रॅम साखर विरघळवली, तर त्या पाण्यातले साखरेचे प्रमाण मिलिलिटरला एक पिकोग्रॅम होईल. एक किलोची पुडीदेखील लागणार नाही. आणि ही साखर मोजावयाची ती कालव्यातून भरून आणलेल्या अर्ध्या चमचा पाण्यात!

हे मोजता येते, हाच मुळात विज्ञानाचा मोठा पराक्रम आहे. अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने रक्तातील इन्शुलिन मोजले. १९७१ मध्ये स्वीडनमध्ये एंगवॉल व पर्लमन यांनी, आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे हॉलंडमधील संशोधकांनी, किरणोत्साराच्या जागी एन्झाइम वापरून एलायझा पद्धत सिद्ध केली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्यातील प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची युक्ती शोधली. यॅलो-बर्सन आणि कोलर-मिलस्टाइन या दोन्ही जोड्यांनी आपल्या शोधाचे एकस्व घेतले नाही. धर्मादाय संस्थेच्या सभेत याचा उल्लेख अस्थानी ठरू नये.

एलायझा हा शब्द आपल्या भागात प्रथम आला तो एचआयव्हीच्या तपासणीमुळे, त्यामुळे अजूनही काहींना तो ऐकून धसका बसतो. वस्तुतः डेंग्यू, चिकनगुन्या, कावीळ अशा कितीतरी तपासण्या याच पद्धतीने होतात. पद्धत अशी. प्लॅस्टिकच्या थाळीत छोटे छोटे खळगे असतात. प्रयोगशाळेत त्यांना वेल म्हणतात. वेलच्या तळाशी आयएल-६ ला पकडणारे प्रतिपिंड चिकटवलेले असते. त्यात रुग्णाचे सिरम घातले की निरोप्या तेथे अडकतो. बाकीचे धुऊन टाकावयाचे. मग दुसरे प्रतिपिंड घालावयाचे. ते त्याच निरोप्याला दुसऱ्या बाजूने धरते आणि स्वतःबरोबर एक एन्झाइम आणते. पुन्हा धुणे. शेवटी रंगद्रव्य घातले की निळा रंग चढतो, आम्ल घातले की तो पिवळा होऊन थांबतो, आणि यंत्र त्या पिवळेपणाची गडदता वाचते. जितका गडद तितका आयएल-६ अधिक. धुण्यात हयगय झाली की आकडा फसवा. या साऱ्यास तीन-चार तास लागतात.

पण गडद म्हणजे किती? हे ठरविण्यासाठी ठाऊक प्रमाणाची द्रावणे त्याच थाळीत, त्याच वेळी लावावी लागतात. दुकानदाराची वजने वैधमापनवाले ठरावीक मुदतीने तपासतात; येथे प्रत्येक वेळी तराजूबरोबर वजनेही नव्याने मांडावी लागतात. माझ्या आवडीचे गणित येथून सुरू होते.

थाळीत ९६ वेल असतात. आठ-आठ वेलच्या बारा पट्ट्या. सात मानके आणि एक कोरे द्रावण, प्रत्येक दोनदा, म्हणजे १६ वेल. दोन नियंत्रण नमुने, तेही दोनदा, म्हणजे ४. राहिले ७६. प्रत्येक रुग्णाचा नमुना दोनदा लावला, तर एका थाळीत ३८ रुग्णांची तपासणी होते. आता समजा, आपल्या अतिदक्षता विभागात आज असा एकच रुग्ण आहे. त्याचे २ वेल. पण मानके व नियंत्रण यांचे २० वेल टळत नाहीत. एकूण २२ वेल, म्हणजे तीन पट्ट्या. बारा पट्ट्यांत चारच रुग्ण होतील. किट ४०,००० रुपयांचे आहे असे धरले, तर ३८ रुग्ण एकदम असताना दरडोई खर्च सुमारे १,०५० रुपये आणि एकेक रुग्ण असताना १०,००० रुपये. शिवाय एकदा उघडलेल्या किटचे आयुष्य पेटीवर छापलेल्या मुदतीहून पुष्कळ कमी असते. आपल्यासारख्या रुग्णालयात ३८ रुग्ण एका दिवशी जमावेत, अशी इच्छा कोणीही करणार नाही.

थाळीवरचे किट हे मुळात समूहासाठी आहे, एका खाटेसाठी नव्हे. मे २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ‘कोविड कवच’ हे प्रतिपिंडांचे एलायझा किट तयार केले, तेव्हा अडीच तासांत एकाच वेळी ९० नमुने तपासता येतात, हेच त्याचे वैशिष्ट्य सांगितले गेले. सर्वेक्षणासाठी ते उत्तमच. एकेका नमुन्याची तपासणी वीसेक मिनिटांत करणारी स्वयंचलित यंत्रे निराळी असतात. मोठ्या प्रयोगशाळांत ती आहेत. त्यांची किंमत आणि वार्षिक देखभाल आपल्या रुग्णसंख्येस पेलणारी नाही. त्याविषयी अधिक बोलत नाही, कोष्टक अहवालात दिले आहे.

येथे माझी एक चूक कबूल करतो. किटसाठी आम्ही कोटेशने मागविली होती. नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराच्या कोटेशनवर माझी खूण झालीही होती. तंत्रज्ञ ताईंनी माहितीपत्रकातील बारीक अक्षरांतील एक ओळ मला दाखविली: केवळ संशोधनासाठी, रोगनिदानासाठी नव्हे. असे किट संशोधकांच्या हाती योग्यच असते. त्याचा आकडा रुग्णाच्या कागदावर लिहून त्यावर पैसे घेणे योग्य नाही. वैद्यकीय उपकरणांसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार निदानाची किटे परवान्याच्या कक्षेत येतात. मी दर पाहिला होता, ओळ वाचली नव्हती.

संशोधनातील उपयोगाचे उदाहरण दूर शोधावयास नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेडी, शहरातील झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणच्या मिळून चारशेहून अधिक पुरुषांची तपासणी केली. त्यात आयएल-६, टीएनएफ-अल्फा आणि सीआरपी मोजले. शहरी मध्यमवर्गीयांत शरीरातील चरबीही अधिक आणि दाहाचे हे निदर्शकही अधिक, असे त्या अभ्यासात दिसले; तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांत मधुमेहाची वाट कशी तयार होते, हे समजण्यास असे मोजमाप लागते. तेथे एका माणसाचा आकडा थोडा चुकला तरी समूहाचा निष्कर्ष टिकतो. खाटेवरच्या रुग्णाला ती मुभा नसते.

आणि आकडा चुकण्यास वाटेत पुष्कळ जागा आहेत. रक्त काढल्यावरही त्यातील पेशी जिवंत असतात. सिरम लवकर वेगळे केले नाही, तर नळीतच प्रमाण बदलू शकते. नमुना गार राहावा लागतो. गोठवून, वितळवून, पुन्हा गोठवला तर भरवसा राहत नाही. शिरूरहून पुणे सत्तरेक किलोमीटर. एप्रिलचे ऊन, वाटेतील नाकाबंदी, मोटरसायकलवरचा मुलगा आणि त्याच्या पिशवीतील बर्फ. त्या मुलांनी त्या दिवसांत जे केले त्याला तोड नाही, परंतु दुपारी तो बर्फ किती उरला होता याची नोंद आमच्याकडे नाही. संधिवाताच्या काही रुग्णांच्या रक्तातील घटक दोन्ही प्रतिपिंडांना आपसांत जोडून खोटा मोठा आकडा दाखवू शकतात. शिवाय दोन प्रयोगशाळांच्या पद्धती निराळ्या असल्या, तर त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

आता त्या फाईलकडे वळतो. सहापैकी दुसऱ्या अहवालानंतर रुग्णाला टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन दिले होते. त्या वेळी त्याचा तुटवडा होता आणि ४०० मिलिग्रॅमची किंमत सुमारे चाळीस हजार रुपये होती. कुटुंबाने उसाच्या बिलावर उचल घेऊन, नातेवाइकांकडून हातउसने घेऊन ते मिळविले. तिसऱ्या अहवालात आकडा कमी होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढलेला होता. त्या रात्री घरातल्यांनी मानले की इंजेक्शन बनावट असावे, किंवा आपण ते आणण्यास उशीर केला. चिरंजीवांनी मला हे सांगितले तेव्हा त्यांच्या मातोश्री शेजारी बसल्या होत्या. इतकी वर्षे त्या घरात एकमेकांना हाच प्रश्न विचारला जात होता.

आमच्या फिजिशियन डॉक्टरांनी फाईल पाहून त्या दोघांस समोर बसवून जे सांगितले, ते असे. टोसिलिझुमॅब आयएल-६ चा नाश करीत नाही. तो निरोप्या ज्या दारावर थाप देतो, ते दार बंद करते. निरोप आत जात नाही, म्हणून निरोपे बाहेर रक्तात साचतात. त्यामुळे इंजेक्शननंतर आकडा वाढणे अपेक्षितच असते. तो वाढला यावरून इंजेक्शन बनावट ठरत नाही. रुग्ण वाचला नाही याचे कारण फुप्फुसांची झालेली हानी होते, आणले गेलेले औषध नव्हे. हे वाक्य एप्रिल २०२१ मध्ये त्या घराला कोणीतरी सांगावयास हवे होते. आम्ही सांगितले नाही. डॉक्टर पीपीई किटमध्ये, नातेवाईक फाटकाबाहेर, आणि मधल्या खिडकीवर बिले देणारे आम्ही. आमच्याकडून त्यांना तीन दिवसांत आणखी तीन अहवाल आणि तीन बिले मिळाली. त्या अहवालांनी उपचारात काहीही बदलले नव्हते, बदलणार नव्हतेच.

मातोश्रींनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “म्हणजे सुई खरी होती?” डॉक्टरांनी होकार दिला.

यंत्र येथे असते तर वडील वाचले असते का, या चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तरही डॉक्टरांनी टाळले नाही. त्या काळात इंग्लंडमध्ये झालेल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत टोसिलिझुमॅबसाठी ४,११६ रुग्ण घेतले होते. निवडताना निकष होते दोन: रक्तातील ऑक्सिजन कमी असणे, आणि सीआरपी ७५ किंवा अधिक असणे. आयएल-६ चा अहवाल त्यांनी मागितलाच नाही. इंजेक्शन मिळालेल्यांत मृत्यू ३१ टक्के, न मिळालेल्यांत ३५ टक्के. फरक खरा आहे, पण तो किती आहे हेही आपण पाहावे. सीआरपी हे यकृतात बनणारे प्रथिन. आयएल-६ चाच निरोप मिळाल्यावर यकृत ते तयार करते. १९३० पासून ते वैद्यकास परिचित आहे, स्वस्त आहे, आणि त्याची तपासणी आपल्याच प्रयोगशाळेत होते. तेही निर्दोष नाही. ते आयएल-६ पेक्षा काही तास उशिरा वाढते, आणि टोसिलिझुमॅब दिल्यावर जंतुसंसर्ग असूनही कमी दिसू शकते. परंतु त्या रात्री निर्णयासाठी जे लागत होते, ते खाटेपाशी होते. उशिरा येणाऱ्या आकड्याची कोणीही वाट पाहत थांबले नव्हते.

येथे कोणी विचारील, मग तपासणी मागवलीच का? मीही विचारले. डॉक्टर म्हणाले, “भीतीपोटी. आमच्या आणि नातेवाइकांच्याही.” या उत्तरावर मी काही बोललो नाही. २०२० च्या मे महिन्यात शासनाने खाजगी रुग्णालयांच्या खाटांचे दर बांधून दिले. सर्वसाधारण कक्षाचे दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह अतिदक्षतेचे ९,००० रुपये. टोसिलिझुमॅबसारखी महाग औषधे त्या दरांच्या बाहेर, निराळी आकारली जात. जेथे दर बांधलेला नसतो तेथे बिल वाढते, हे हिशेबनिसाला कोणी शिकवावे लागत नाही. आम्ही हेतुपुरस्सर तसे केले असे मी म्हणणार नाही. परंतु थांबविलेही नाही.

किटावर आंधळा विश्वास ठेवल्याचा अनुभव आपल्या देशाने क्षयरोगातही घेतला आहे. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय ठरविणारी एलायझा किटे वर्षानुवर्षे खेडोपाडी विकली गेली. निष्कर्ष इतके चुकीचे येत की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ती वापरू नयेत असे सांगितले आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. ज्यांना क्षय नव्हता त्यांनी औषधे घेतली; ज्यांना होता ते घरी गेले. दोघांनीही तपासणीचे पैसे भरले होते.

विश्वस्त मंडळाने घेतलेले निर्णय आता सांगतो. आयएल-६ ची तपासणी आपण बंद केलेली नाही. नवजात अर्भकातील संसर्गाची शंका किंवा अशा एखाद्या प्रसंगी तिचा उपयोग होऊ शकतो. मात्र डॉक्टरांनी कारण लिहून दिल्याशिवाय नमुना जाणार नाही, आणि रुग्णाला टोसिलिझुमॅब दिलेले असल्यास तसा शेरा मराठीत अहवालावर असेल. निर्धन रुग्ण निधीतून या तपासणीचा खर्च टाकण्यापूर्वी माझी नव्हे, डॉक्टरांची सही लागेल. त्या कुटुंबाकडून शेवटच्या तीन तपासण्यांपोटी घेतलेली रक्कम परत करण्याचा ठराव झाला. त्यांनी ती घरी न नेता त्याच निधीत जमा करावयास सांगितले. पावती दिली आहे.

देऊ केलेल्या देणगीतून, त्यांच्या संमतीने, शीत सेंट्रिफ्यूज, उणे वीस अंशांचा डीप फ्रीजर, त्यास स्वतंत्र इन्व्हर्टर आणि सीआरपीची चोवीस तास सोय, एवढे झाले. नमुने नेण्याच्या पेटीत तापमान नोंदविणारे उपकरण बसविले आहे. ‘सायटोकाइन विभाग’ हे नाव काही लागले नाही. फ्रीजर दिसावयास साधा आहे, देणगीदारांना दाखवावा असा नाही, तरी ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी सभेनंतर प्रयोगशाळेत यावे. दारावर तापमानाचा तक्ता टांगला आहे. दिवसातून तीनदा त्यावर नोंद होते.

एक विनंती आहे. २०२० आणि २०२१ मधील आपल्या रुग्णालयाची कागदपत्रे अनेक घरांत अजून जपून ठेवलेली असतील, आणि त्यांत असे न उलगडलेले आकडे असतील. शनिवारी दुपारी दोन ते चार या वेळात फिजिशियन डॉक्टर आणि मी कार्यालयात बसणार आहोत. फाईल घेऊन यावे. त्यासाठी केसपेपर काढावा लागणार नाही.